मोरीजवळची जागा : लिंबोणी की ब्राह्मी?

मृग नक्षत्र तोंडावर आलं की गटाच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशोब आटोपल्यावर कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, घरामागं मोरीजवळ जागा रिकामी आहे. लिंबाचं झाड लावू की ब्राह्मी पसरवून देऊ?" दोन्ही बारमाही हिरव्या, दोन्ही घरच्या उपयोगाच्या, दोन्ही पोषण परसबागेत शोभणाऱ्या. म्हणून आपण मनाला येईल ते लावतो. पण ज्या जागेसाठी हा प्रश्न विचारला जातो, ती मोरीजवळची जागाच बहुतेक वेळा दोघींनाही चालत नाही. असं का, आणि मग कोणाला कुठं लावायचं, ते या पाठात पाहू.

आधी माझी चूक सांगते. सांदवाडीत न्हाणीचं पाणी जिथं सांडतं, तिथं मी लिंबोणी लावली होती. वेगळं पाणी घालावं लागणार नाही, एवढाच विचार. दोन वर्षं झाड असं वाढलं की शेजारणी रोप मागायला यायच्या. तिसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळू लागली. बुंध्यावर जमिनीच्या जरा वर साल चिरली आणि तिथून डिंक पाझरू लागला. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी अजून दोन बादल्या ओतल्या! दिवाळीपर्यंत झाड वाळलं. उपटून पाहिलं तर बारीक मुळ्यांची साल बोटानं ओढली की मोज्यासारखी निघून येत होती आणि आत फक्त दोऱ्यासारखी शीर राहत होती. पहिलं फळ धरायच्या आधीच झाड गेलं.

या रोगाला आपल्याकडं डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नावाची बुरशी तो करते. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागात ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना वेगळं सांगायला नको. संत्रा, मोसंबी, लिंबू ही एकाच घराण्यातली भावंडं, त्यामुळं हा रोग तिघांनाही होतो. ही बुरशी मातीत असतेच. पाणी साचून राहिलं की तिचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात. त्यातून आपल्या नागपूरकडची काळी माती पाणी धरून ठेवणारी. वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यात न्हाणीचं पाणी रोज पडत राहिलं तर मुळांना श्वास घ्यायला एक दिवसही मिळत नाही. लिंबोणीला पाणी लागतं, पण पाणी देऊन झाल्यावर तिची मुळं मोकळी व्हायला हवीत.

म्हणून लिंबोणी लावायची असेल तर नर्सरीत जाण्याआधी एक काम करा. जिथं लावायचं मनात आहे तिथं दोन फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्यानं भरा. पहिलं पाणी जिरून जाऊ द्या, कारण कोरडी माती पहिलं पाणी पटकन पितेच आणि आपण फसतो. मग संध्याकाळी दुसऱ्यांदा भरा. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर ती जागा लिंबोणीची नाही. दुसरी पाहा, किंवा तिथंच दीड-दोन फूट उंच मातीचा ओटा करून त्यावर लावा. खणताना माती कशी निघते तेही बघा. पांढऱ्या चुनखडीचे खडे भरपूर निघाले तर पुढं कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसू लागेल. चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही. अशा जागी शेणखत जास्त घाला आणि जमलं तर जागाच बदला.

जागेबद्दल अजून एक सांगते, जरी ते शेतीच्या पुस्तकात सापडणार नाही. लिंबोणी वीस वर्षं आणि त्याहून जास्त टिकते. घरकुल मंजूर व्हायचं असेल, शौचालयाचा किंवा स्वयंपाकघराचा वाढीव खण काढायचा असेल, तर आधी घरात बसून तो कुठं येणार ते ठरवून घ्या. फळाला आलेलं झाड पायासाठी तोडताना मी पाहिलं आहे. ज्या बाईनं ते वाढवलं, तिला कोणी विचारलं नव्हतं. भिंतीपासून आठ-दहा फूट सोडा. पोरं खेळतात त्या वाटेवरही नको, काटे लांब असतात.

आता रोप. कागदी लिंबाची एक गंमत आहे. त्याच्या एका बीतून दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच निघतात. म्हणून ज्या झाडाची लिंबं रसाळ आणि पातळ सालीची आहेत, त्याच्या ताज्या बिया वाळू न देता लगेच पिशवीत लावल्या तरी रोप फुकटात तयार होतं. फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. विकतचं रोप घेणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती आणि परभणीच्या विद्यापीठाचे विक्रम व प्रमालिनी हे वाण नावाजलेले आहेत. नागपुरात अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे. लिंबू-संत्र्यावर संशोधन करणारी देशाची संस्था आपल्या दाराशी आहे आणि आपण आठवडी बाजारात ट्रॅक्टरवर आलेली रोपं उचलतो! ग्रामसंघाच्या दहा-बारा जणींना रोपं हवी असतील तर कृषी सखीला सोबत घ्या आणि तिथून किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून एकत्र आणा.

कलमी रोप असेल तर डोळा कुठं बांधला आहे ते बघा. जमिनीपासून निदान नऊ इंच वर हवा. लावताना तो जोड मातीत गाडायचा नाही. जोडाच्या खालून फुटवे आले की काढत राहा. खालचा खुंट जंबेरीचा किंवा रंगपूर लाइमचा असतो. तो फुटवा जोमानं वाढतो, आपण खूश होतो, आणि चार वर्षांनी भलतीच जाड सालीची फळं लागतात.

पाणी देण्याची पद्धत मी झाड गमावल्यावर शिकले. बुंध्याभोवती गोल आळं करून त्यात पाणी भरायचं नाही. दुहेरी आळं करायचं. बुंध्याला लागून मातीचा एक छोटा गोल चढ, त्याच्या बाहेर दुसरा गोल, आणि पाणी या दोन गोलांच्या मधल्या खोलगट जागेत. बुंधा कोरडा राहतो आणि मुळ्या बाहेरच्या बाजूला पाणी शोधत जातात. झाड वाढेल तशी ही आळी बाहेर सरकवायची.

पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. बागाईतदार एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असं प्रमाण घेतात. आपल्या एका-दोन झाडांना १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी भांडं नको. मग एकत्र करून ढवळा आणि त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहा. सुरीवर तांबूस थर चढला तर अजून थोडा चुना घाला. त्याच दिवशी वापरा. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका आणि उरलेलं पोरांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

किडीचं थोडक्यात. कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला आणि तो हलला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि छोटं रोप दोन दिवसांत बोडकं करते. हातानं वेचा. पानात नागमोडी पांढऱ्या रेघा असतील तर ती नागअळी. तिला ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळायची आणि एकूण दहा लिटर पाणी करायचं. पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर खरबरीत खपल्या म्हणजे खैऱ्या. त्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळून टाका.

लिंबोणीचं इतकं लांबवलं, कारण तिच्यात वर्षं गुंततात. ब्राह्मीचं तसं नाही. चुकली तर दोन महिन्यांत कळतं आणि पुन्हा लावता येते.

पण ब्राह्मी म्हणजे नक्की कोणती? आपल्याकडं दोन वेगळ्या वनस्पतींना हेच नाव आहे. एकीचं पान गोलसर, कानाच्या आकाराचं, कडेला बारीक दाते, लांब देठावर उभं. ही मंडूकपर्णी. दुसरीची पानं इवलीशी, जाडसर, रसाळ, देठ जवळजवळ नाहीच, आणि फूल पांढरट-जांभळट. ही नीरब्राह्मी, हिला जलब्राह्मीही म्हणतात. घरी तेल करायला आणि चटणीला लोक दोन्ही वापरतात. पण विकायची असेल तर घेणाऱ्याला कोणती हवी ते आधी पानं दाखवून विचारा. "ब्राह्मी लावा, आम्ही घेऊ" असं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबून गटानं कर्ज काढू नये. कोणती ब्राह्मी, ओली की वाळलेली, किती किलो, काय भाव, पैसे किती दिवसांत, एवढं कागदावर आल्याशिवाय वाफे घालायचे नाहीत. आणि ब्राह्मी खाल्ली की पोरगं पहिलं येतं, असं सांगून कोणाला विकूही नका. गरोदर बाईनं किंवा रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिचा रस घेऊ नये.

लावायला सोपी. सरपटणाऱ्या फांद्यांना पेरापेराला मुळं फुटतात. तसे मुळं असलेले तुकडे पावसाळ्यात वीत-वीत अंतरावर खोचा, दोन-तीन महिन्यांत जमीन झाकली जाते. माती उघडी राहत नाही, तण कमी होतं, पावसात माती वाहून जात नाही. कडेनं विटा उभ्या पुरा, नाहीतर ती आजूबाजूच्या वाफ्यात घुसते. खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ च्या वर गेला की उघड्यावरची ब्राह्मी करपते. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिला सोसत नाही. म्हणून घराच्या, भिंतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेला लावा. तिथं सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली येते. उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, हे मात्र मान्य करूनच लावायचं. जिथं मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, तिथं मी ब्राह्मी सुचवणार नाही.

ओल लागते म्हणजे मोरीजवळ लावावी, असं आता तुमच्या मनात आलं असेल. इथंच दुसरी चूक होते. मोरीच्या पाण्यात साबण असतो, कपड्यांची पावडर असते, लहान मुलांचे मळके कपडे धुतलेलं पाणी असतं. ब्राह्मीचं पान जमिनीला टेकलेलं, आणि आपण ते बरेचदा कच्चंच वाटतो. त्या पाण्यातले जंतू चटणीतून थेट पोटात जातात. शिवाय मंडूकपर्णी मातीत असतील ते जड धातूही पानात ओढून घेते. म्हणून ती नालीकाठी, गटारात, रस्त्याच्या कडेला उगवलेली खुडू नये, मग कितीही हिरवीगार दिसो. ब्राह्मीची जागा स्वच्छ पाणी सांडतं तिथं. हातपंपाच्या किंवा विहिरीच्या ओट्याजवळ, पिण्याचे हंडे विसळतो तिथं. गुरं आणि कोंबड्या पोचणार नाहीत एवढं कुंपण हवं.

पुदिन्यालाही हेच लागू. खरं सांगायचं तर विकायचा विचार असेल तर मी ब्राह्मीआधी पुदिना लावीन. बाजारातून एक जुडी आणा, पानं खुडून चटणी करा आणि काड्या पेल्यात पाण्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. साधारण दोन-अडीच महिन्यांनी पहिली कापणी. ब्राह्मीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. सांबाराच्या जुडीशेजारी पुदिन्याची जुडी ठेवली तर ती गावच्या बाजारातही खपते.

एक तिसरीच वनस्पती मात्र आणू नका. रस्त्याच्या दुभाजकात पिवळ्या फुलांची गर्द हिरवी वेल पसरलेली असते. नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात. दिसायला सुंदर, मरत नाही, पाणी कमी लागतं. पण तिचा तुकडा पडेल तिथं ती रुजते, बांधावर गेली तर गवत दाबून टाकते, आणि स्वयंपाकघरात तिचा काही उपयोग नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

मग मोरीजवळ काय लावायचं? केळ, कर्दळ, अळू. यांना ओल आवडते. केळीचं फळ उंचावर लागतं, त्याला पाणी शिवत नाही. कर्दळ खायची नसते. अळू आपण चिंच घालून चांगलं शिजवूनच खातो. पाणी जास्त असेल तर आधी शोषखड्डा घ्या आणि त्याच्या कडेनं ही झाडं लावा. डासही कमी होतात.

लिंबोणीच्या बुडाशीच ब्राह्मी पसरवली तर एका जागेत दोन्ही होतील, असं पुष्कळ जणी विचारतात. नको. लिंबोणीच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ब्राह्मीसाठी तिथं खुरपं चालवलं की त्या तुटतात. ब्राह्मीला रोज पाणी द्यावं लागतं, त्यानं बुंधा ओला राहतो, आणि तो डिंक्याला बोलावतो. झाडाखाली वाळलेलं गवत किंवा सोयाबीनचं कुटार पसरा, तेही बुंध्यापासून वीतभर दूर. ब्राह्मी झाडाच्या घेराबाहेर, पूर्वेच्या बाजूला, वेगळ्या वाफ्यात. तशा दोघी सुखानं नांदतात.

आता पैशाचं. ब्राह्मी किंवा पुदिना यांना भांडवल जवळजवळ लागत नाही. दोन-तीन महिन्यांत हाताला येतं, पण रोजचं पाणी आणि रोजची नजर मागतं. लिंबोणीला रोप, खड्डा, शेणखत, मलम एवढा खर्च, आणि चार-पाच वर्षांची वाट. पण नंतर ती वर्षातून दोन-तीनदा फुलते आणि थोडी थोडी फळं चालू राहतात. तुमच्या घरात आठवड्याला किती लिंबं येतात, ते महिनाभर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. समजा आठवड्याला आठ आणली आणि एक सरासरी चार रुपयांना पडलं, तर आठवड्याचे ३२ आणि वर्षाचे १६६४ रुपये होतात. २०२२ च्या उन्हाळ्यात तर एका लिंबाला दहा रुपये मोजल्याचं पुष्कळ जणींना आठवत असेल. हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांची फळं उन्हाळ्यात येतात, ती विकायला सर्वांत चांगली. पण आपल्या पावसात तो बहार धरणं अवघड. घरच्या एका झाडासाठी त्यामागं लागू नका, जे येईल ते घ्या.

आणि महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही लिंबोणी लावताना लक्षात असू द्या. पालक, चवळी, डाळ यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते मिळवून देतं. लिंबू भाजी-वरण उकळत असताना नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं. उकळीत ते जीवनसत्त्व कमी होतं. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहासोबत घेत असाल तर ती बरीचशी वाया जाते. चहा तासभर मागं-पुढं ठेवा आणि गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. बाजारात लिंबू महाग झालं की घरात पहिलं बंद होतं ते बाईच्या ताटातलं. दाराशी झाड असेल तर तोडून घेता येतं.

ज्यांच्याकडं एकच जागा आहे त्यांनी असं करा. जागा कोरडी, उंच आणि पुढची वीस वर्षं तुमचीच राहणार असेल तर लिंबोणी. भाड्याचं घर असेल, जागेचा भरवसा नसेल, पण स्वच्छ पाणी आणि दुपारची सावली असेल तर ब्राह्मी किंवा पुदिना. जुन्या डब्यात, तेलाच्या पिंपात भोकं पाडूनही चालतो, जाताना सोबत नेता येतो.

पुढच्या साप्ताहिक बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं आपल्या जागेत दोन फुटांचा खड्डा घेऊन दोनदा पाणी भरून पाहायचं आहे. सकाळी पाणी किती उरलं ते बोटांच्या पेरांनी मोजून लिहून आणा, आणि खड्ड्याच्या तळाची मूठभर माती एका पिशवीत, नाव लिहून. बैठकीत सगळ्यांची माती एका चादरीवर मांडू. किती रोपं मागवायची तो आकडा त्यानंतरच ग्रामसंघाकडं देऊ.